पाणी कुठे जातं

रविवार, ९ जून

प्रिय दादा,

नमस्कार. तू आणि आई वेळच्या वेळी जेवत असाल असं लिहिणार होते, पण तू कसा जेवतोस ते मला कळलंय, त्यामुळे ते वाक्य राहू दे.

मी बरी आहे. इथे सुट्टी लागलीय. वसतिगृह निम्मं रिकामं झालंय, त्यामुळे सामायिक स्वयंपाकघरातली बूड न करपलेली कढई आता माझ्या वाट्याला येते. खोलीतल्या बेसिनचा नळ अजून गळतो. खाली सांगून झालं, वर सांगून झालं, शेवटी मी त्याच्याखाली वाटी ठेवली आणि विषय संपवला. निकाल लागला. पास झाले, शेवटच्या पेपरातसुद्धा. आईने तुला सांगितलं असेलच, पण तुला मी वेगळं सांगायला हवं होतं. तू ज्या पेपरासाठी एवढं सगळं केलंस तो पेपर वाया गेला नाही.

हे हाताने लिहितेय आणि पानांचे फोटो काढून तुझ्या फोनवर पाठवणार आहे. तुझ्या, बाबांच्या नाही. बोलायला घेतलं की तू मध्येच बोलतोस, मग मी गप्प बसते, मग तू 'ऐकू येतंय ना, ऐकू येतंय ना' करत राहतोस. लहानपणापासून आपलं हे असंच. कागद मध्ये बोलत नाही.

बाबा गेले हे तू मला पेपर झाल्यावर फोनवर सांगितलंस तेव्हा मी 'बरं' म्हणाले. तू विचारलंस, "बरं काय? मी काय म्हणालो ते कळलं ना?" मी परत 'बरं' म्हणाले आणि फोन ठेवला. त्यानंतर आपण बोललेलो नाही. तुला वाटतं मी रागावलेय. तू बातमी लपवलीस, वर बाबांच्या फोनवरून बाबा बनून मला मेसेज करत राहिलास, आणि आता मी तुझं नाव घेत नाही, असा तुझा समज आहे. आईनेही तसंच धरलंय. परवा ती सांगत होती की आत्या घरी आली की तू मागच्या खोलीत जाऊन बसतोस. आत्या तुला तोंडावर म्हणाली, "पोरीला बापाचं शेवटचं तोंड बघू दिलं नाहीस. एक दिवस थांबता आलं असतं. ती तुला जन्मभर माफ करायची नाही." काका मागून तिचीच री ओढतात. तू ताट हातात घेऊन उभ्या उभ्या जेवतोस.

हे ऐकून मला वाईट वाटायला हवं होतं. हल्ली माझं असं होतं की काय वाटायला हवं ते मला अगदी बरोबर कळतं, पण वाटत नाही. दाताच्या डॉक्टरने सुई दिल्यावर आपण गालाला हात लावून बघतो ना, तसं. हाताला गाल लागतो, गालाला हात लागत नाही. तू उभ्याने जेवतोस हे ऐकल्यावर मी आईला विचारलं की आत्या भाड्याच्या गाडीने येते की बसने.

म्हणून तुला सहलीबद्दल लिहायचं ठरवलं. सहल हा शब्द घरात सध्या कोणी काढत नाही. आई 'तू तिकडे गेली होतीस ना, तेव्हा' असं म्हणते. मी सहलीलाच गेले होते, दादा. आधीचे पेपर झाले होते, शेवटच्या पेपराला मध्ये बरीच सुट्टी होती, आणि वसतिगृहातल्या दोन मैत्रिणींनी मला ओढून नेलं. एकीला आम्ही नकाशा म्हणतो, कारण तिच्याकडे प्रत्येक गोष्टीचा आराखडा असतो, अगदी कुठल्या स्टेशनवरचं स्वच्छतागृह स्वच्छ आहे त्याचासुद्धा. दुसरी खाऊ. ती का, ते सांगायला नको.

सकाळी बसमध्ये बसल्या बसल्या मी बाबांना फोनवर आवाज पाठवला. "बाबा, निघालो. जुनं शहर आहे, दगडी फरश्या आहेत म्हणे, तुम्हाला फोटो पाठवते." त्यांना लिहिलेलं चालायचं नाही, तुला माहीतच आहे. सिमेंटने बोटांच्या रेषा खाल्ल्या होत्या, त्यामुळे फोनला त्यांचं बोट बोट वाटायचंच नाही. फोन आला की कधी कधी नाक लावून उचलायचे. मग लिहिणं दूरच. त्यांचं उत्तर म्हणजे मागे फरशी कापायच्या मशीनचा आवाज, त्यावर त्यांचं ओरडणं, आणि शेवटी फोन बंद कसा करायचा ते न कळून झालेली खडखड. मी इथे आल्यापासून त्यांना एकच छंद लागला होता. मी फोटो पाठवायचा आणि त्यांनी त्यातली फरशी बघायची. मी ग्रंथालयात उभी आहे, मागे चार मजली खिडक्या आहेत, आणि बाबा म्हणणार, "सांधे जाड ठेवलेत. कारागीर आळशी." आणि मग दरवेळी, न चुकता, "पाणी कुठे जातं?"

पाणी कुठे जातं, म्हणजे फरशीला उतार कुठल्या बाजूला दिलाय. धुतली तर पाणी कुठून निघून जाईल. त्यांच्या मते हे ज्याला सांगता येत नाही त्याने फरशीवर उभं राहू नये. मी इथे येऊन ग्रंथालयाच्या कोपऱ्यात वाकून पाण्याची जाळी शोधलीय, लोकांनी बघितलं तर बघू देत म्हणून.

आईचं ऑपरेशन झालं तेव्हाचं आठवतंय का तुला? डॉक्टर तिच्या पित्ताशयाबद्दल गंभीरपणे सांगत होते आणि बाबा टाचेने जमीन वाजवून बघत होते. मग म्हणाले, "डॉक्टर, इथे आत पोकळ आहे." डॉक्टर घाबरून परत कागद चाळायला लागले. तू भिंतीकडे तोंड करून हसलास आणि मला चिमटा काढलास.

तर त्या दिवशी सकाळी उत्तर आलं नाही. कामावर असतील म्हटलं. दुपारी आम्ही शहराच्या जुन्या चौकात पोचलो. सगळा चौक मुठीएवढ्या दगडांचा, पंख्याच्या आकारात बसवलेला. मी त्याचे इतके फोटो काढले की खाऊ म्हणाली, "अगं, वर पण बघ, वर इमारती आहेत." त्यातला एक बाबांना पाठवला. संध्याकाळी, आम्ही खोलीवर येऊन बूट काढत होतो तेव्हा, उत्तर आलं. लिहिलेलं.

'खूप सुंदर. मजा कर. घसा बसला आहे म्हणून टाइप करतोय. जेवण वेळेवर घे.'

दादा, तू कचेरीत बसून लोकांना उत्तरं लिहितोस. प्रत्येक वाक्य स्वच्छ, जागच्या जागी. मी तो मेसेज वाचला तेव्हा मला पहिल्यांदा हसूच आलं, की दादाने बाबांचा फोन का घेतलाय. मग हसू गेलं. बाबांनी दुसऱ्याने बसवलेल्या फरशीला जन्मात सुंदर म्हटलं नव्हतं. आणि पाण्याचं विचारलं नव्हतं.

मी आईला फोन लावला. काकूने उचलला. कामाच्या दिवशी काकू आपल्याकडे कशी? म्हणाली, "आई जरा पडलीय गं. सकाळी करते हं तुला." दिवेलागणीला आई पडत नाही, तापातसुद्धा पडत नाही. मागे भांड्यांचा आवाज येत होता, खूप माणसांचा चहा करताना येतो तसा. कोणीतरी हळू आवाजात कोणाला तरी खुर्ची दे म्हणालं. आपल्या घरात हळू आवाजात कोण बोलतं, दादा? मी काकूला म्हटलं, "बरं." हे माझं पहिलं 'बरं'. तुझ्या वाट्याला आलं ते नंतरचं.

मला तेव्हाच कळलं होतं.

हे वाक्य लिहायला मला सकाळ लागली. मध्ये जाऊन वाटीतलं पाणी ओतून आले. आता लिहिलंय तर पुढचंही लिहिते.

काय झालं असेल ते माहीत नव्हतं. ते कामावरच, गुडघ्यावर बसल्या बसल्या गेले, घरमालकाला वाटलं वाकून फरशीची पातळी बघतायत, हे सगळं तू नंतर सांगितलंस. पण कोण गेलं ते काकूचा आवाज ऐकला तेव्हा कळलं. त्या संध्याकाळी मी तुझ्या फोनवर फोन करून नुसतं विचारलं असतं, 'दादा, बाबा कुठे आहेत', तर तू खोटं बोलला नसतास. लिहून खोटं बोलतोस, तोंडाने तुला येत नाही. तू सांगितलं असतंस, मी निघाले असते, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पोचले असते आणि तुम्ही थांबला असतात. आत्या म्हणते ते बरोबर आहे, एक दिवस थांबता आलं असतं. फक्त ती चुकीच्या माणसाला म्हणते.

मी विचारलं नाही. नकाशाने विचारलं, "घरी सगळं ठीक?" मी म्हटलं, "बाबांचा घसा बसलाय."

का विचारलं नाही याचं काही मोठं कारण माझ्याकडे नाही. मी खूप शोधलं. मला भीती वाटली, एवढंच. विचारलं तर उत्तर येईल. नाही विचारलं तर बाबांच्या नावाने मेसेज येत राहतील. तू पाठवत होतास तोवर मी पण पाठवू शकत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईचा फोन आला नाही, पेपर होईपर्यंत मीही केला नाही, पण तुझ्यामागे लागलेच, तुला आठवत असेल. हॉटेलच्या जिन्याची फरशी, धक्क्याची फरशी, चहाच्या दुकानातली फुटकी फरशी. एकामागून एक. तू प्रत्येकाला उत्तर देत होतास. 'चांगली आहे.' 'मजबूत वाटते.' एकदा नुसता अंगठा. तेव्हा तुझ्या हातात फोन कसा होता, तू कुठल्या कोपऱ्यात उभा राहून लिहीत होतास, कोण काय म्हणत होतं, मला माहीत नव्हतं आणि मी ते मनात येऊ दिलं नाही. नंतर तुझे मेसेज थांबले. तेव्हा आम्ही होडीत होतो. नकाशाने आराखड्यात होडी घातली होती आणि वल्ही आमच्यापैकी एकीलाही मारता येत नव्हती. होडी गोल गोल फिरत होती. काठावरचा होडीवाला हातवारे करून ओरडत होता आणि खाऊ त्याला तितक्याच जोरात ओरडून सांगत होती, "काका, तुम्हीच या ना इकडे." मी हसले. दादा, मी पोट धरून हसले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. आईने वेळ सांगितलीय त्यावरून बघितलं तर तुम्ही बाबांना घेऊन निघालात ती तीच वेळ.

मला सगळं कळलेलं होतं आणि तरी हसू खरं होतं. हे तुला सांगितल्याशिवाय मला तुझ्यासमोर येता येणार नाही.

तिसऱ्या दिवशी संग्रहालय. पूर्वीचा कोणाचा तरी महाल, आता तिकीट काढून बघायचा. मधल्या दालनात काळ्या आणि पांढऱ्या दगडाची फरशी, सांधा दिसत नाही अशी. मी फोटो पाठवला आणि पुढच्या दालनात गेले. तिथे चित्रं होती. एका चित्रासमोर उभी असताना फोन वाजला.

'पाणी कुठे जातं?'

दोन दिवसांनी. लिहिलेलं, नीट, शेवटी प्रश्नचिन्ह देऊन. मला माहीत होतं की ते तूच लिहिलंयस. तरी माझे पाय मागे वळले. मी परत त्या काळ्या-पांढऱ्या दालनात गेले, पिशवीतून बाटली काढली, झाकण उघडलं आणि जमिनीवर पाणी ओतलं. मला बघायचं होतं. त्यांनी विचारलं होतं ना.

पाणी कुठेच गेलं नाही. ओतलं तिथेच गोल पसरून राहिलं. मी वाकून बघत राहिले. जरासुद्धा सरकलं नाही. बाबा म्हणाले असते, ही राहायची फरशी नाही, नुसती बघायची.

पहारेकरीण बाई धावत आल्या. "काय सांडलं?"

"पाणी."

"सांडलं कसं?"

"ओतलं."

"ओतलं? का?"

नकाशा मध्ये पडली. "तिला बरं वाटत नाहीये हो. उन्हात फिरलोय दोन दिवस." बाईंनी माझ्याकडे बघितलं, मग फडकं आणून दिलं. मी गुडघ्यावर बसून पुसलं, बाबा बसवलेली फरशी पुसतात तसं, मागे मागे सरकत, आपले पाय पुसलेल्यावर पडू न देता. बाई म्हणाल्या, "राहू दे आता, झालं." पण ते सगळं पुसल्याशिवाय मला उठता येईना. बाहेर आल्यावर खाऊने विचारलं, "पण तू ओतलंस का गं खरंच?" मी म्हटलं, "बाबांनी विचारलं होतं, उतार कुठे आहे." ती म्हणाली, "तुझे बाबा भारी आहेत." मी म्हटलं, "हो."

त्या दोघींना मी अजून सांगितलेलं नाही.

मी त्या मेसेजला उत्तर दिलं नव्हतं. तुला वाटलं असेल की तो चुकला. चुकला नव्हता, दादा. उलट तेवढा एकच बरोबर होता, आणि म्हणूनच माझ्याच्याने पुढे काही पाठवलं गेलं नाही. नंतर बसमध्ये माझ्या डोक्यात आलं की तुला हा प्रश्न माहीत नव्हता. तुला ते फरशीबद्दल कधी विचारायचे नाहीत, तू पहिल्यापासून त्यात नव्हतास. मग तुला कसं कळलं? तर तू त्यांच्या फोनमधले आवाज ऐकलेस. मला पाठवलेले सगळे, मशीनच्या खडखडीसकट. त्यांना पोचवून आल्यावर, घरात माणसं असताना, कुठेतरी दार लावून बसून तू त्यांचा आवाज ऐकलास, का, तर मला संशय येऊ नये. माझ्याकडे पण ते सगळे आहेत. मी अजून एकही लावलेला नाही. माझा धीर होत नाही. तुझा झाला.

मी तुला माफ करायचं म्हणजे काय करायचं, हे मला समजत नाही. तू मला अंधारात ठेवलंस असं घरात सगळे म्हणतात. अंधारात तू होतास. तुला वाटत होतं मला माहीत नाही, आणि त्या समजुतीवर तू एकट्याने ते दिवस काढलेस आणि वर बोलणी खाल्लीस. मी एका शब्दात तुला सोडवू शकत होते. पेपर झाला त्या दिवशीही, तू सांगितलंस तेव्हा, 'दादा, मला माहीत आहे' एवढं म्हटलं असतं तरी झालं असतं. मी 'बरं' म्हणाले.

आता तुझ्या कामाचं लिहिते. माझं तिकीट झालंय, पुढच्या शनिवारी सकाळी पोचते. न्यायला येऊ नकोस असं लिहिणार होते, पण ये.

आत्याला तू काही सांगू नकोस. मी सांगेन, तिच्यासमोर बसून, तू समोर असताना. ती मला जे बोलेल ते बोलू दे. मध्ये पडू नकोस. आईला मी त्याआधी सांगेन, स्वयंपाकघरात, तिच्या हातात काहीतरी काम असताना. होडीचं सुद्धा सांगेन.

आई म्हणाली की काका मोरीची फरशी उखडून नवीन बसवून द्यायची म्हणतायत, एवीतेवी घरात माणसं येतायत-जातायत, पाणी दाराशी साचतं, कोणी घसरेल. काकांना सांग, इतक्यात नको. गावभर उतार देत फिरलेल्या माणसाने आपल्या घरातला उतार उलटा दिला आणि सवड मिळाली की नीट करतो म्हणत सगळी वर्षं काढली, आणि आपण चौघांनी अंघोळ झाली की पाणी ढकलत ती काढली. कोणी शेवटचं पाणी ढकललं नाही यावरून तू आणि मी किती भांडलोय. ती फरशी मला एकदा त्यांनी ठेवली तशी बघायची आहे. नंतर काढू.

आणि बाबांचा फोन बंद करू नकोस अजून. चार्ज करून ठेव. आले की आपण दोघं बसून ऐकू. मला अजून रडू आलेलं नाही, तेव्हाही येईल की नाही सांगता येत नाही, त्याची धास्ती घेऊ नकोस. तू शेजारी बस, एवढंच. आणि बसून जेव.

पाण्याचं उत्तर द्यायचं राहिलं होतं, ते दिलं. मोरीतलं शनिवारी मी ढकलते, भांडायचं नाही.

तुझी,
पहिल्या संध्याकाळपासून सगळं माहीत असलेली,
धाकटी